कठड्यावरचं पाटण

“ताई, तुमच्याकडे एखादी लढाई आहे का हो?”

वाटीभर विरजण मागावं त्या सुरात भाभीसांनी विचारलं आणि माझ्या हातातली मटारची शेंग अर्धी सोललेलीच राहिली.

जयपूरच्या थंडीत घरं ओस पडतात आणि गच्च्या नांदू लागतात. दहा-साडेदहाला आमच्या सोडाल्याच्या गल्लीत ऊन उतरलं, की कठड्याकठड्याशी एक बाई, एक परात आणि शेंगांचा ढीग. आमच्या आणि राठोडांच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत आहे. सव्वीस वर्षं झाली, आमच्याकडे पेपर येतो तो शब्दकोड्यापुरता. बातम्या भिंतीवरूनच येतात. भाभीसा हिंदीत बोलतात, चिडल्या की ढूंढाडीत. मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत. तुम्हाला सांगताना सगळं मराठीत सांगते, पण त्यांच्या तोंडचं ‘ताई’ तेवढं खरंच ‘ताई’ आहे. आमच्या नणंदेकडून उचललंय त्यांनी.

लढाई हवी होती ती भंवरला. भंवर हे त्याचं नाव नव्हे. राजपुतांच्या घरात बाप हयात असेतो मुलगा ‘कुंवर’ आणि आजोबा हयात असेतो नातू ‘भंवर’. पोरगं सहावीत आहे. २६ जानेवारीला शाळेत गायचंय आणि बाईंची अट अशी, की गाणं लढाईचं हवं, सिनेमातलं नको आणि तीन मिनिटांत संपलं पाहिजे.

“मग चेतक म्हणू द्या की.”

“चेतक घेऊन वर्गातले सातजण उभे आहेत. बाई म्हणाल्या, आता घोडा बंद.”

हळदीघाटी झाली १५७६ साली. साडेचारशे वर्षं होत आली, त्या घोड्याला अजून शाळेतून सुट्टी नाही.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या भोंग्यावर लता सुरू झाली. जानेवारी लागला की ते गाणं लागतंच. भंवर पतंगाच्या कण्या बांधत बसला होता तिथूनच म्हणाला, “दादीसा, हे सिनेमातलं नाहीये.” खरंच नाही. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत, नेहरूंसमोर, चीनच्या लढाईनंतर लतानं ते पहिल्यांदा म्हटलं. शब्द प्रदीपजींचे आणि चाल आमच्या पुणतांब्याच्या चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. त्याच लढाईत रेझांग लाला पडलेले मेजर शैतानसिंह जोधपूरकडचे. म्हणजे दोन्ही घरांना चालण्यासारखं होतं. पण भाभीसा म्हणाल्या, “ते तर शाळेत रेकॉर्डवर लागणारच. लताजींचं संपलं की त्यांच्यामागून तू उभा राहणार? हिंमत आहे?” भंवर परत कण्यांकडे वळला.

मग राठोडसाहेबांनी तोंडावरचा पेपर काढला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते उन्हाबरोबर खुर्ची सरकवत दिवसभर गच्चीवर असतात. मिशी अशी, की वाहतूक पोलिसानंही बाजूला व्हावं.

“तुंगा,” ते म्हणाले. “तुंग्याचं म्हणू दे त्याला.”

भाभीसांनी शेंगा खाली ठेवल्या. मला वाटलं, आता काहीतरी पाहायला मिळणार.

या घराची गंमत तुम्हाला सांगायला हवी. साहेब राठोड, म्हणजे मारवाडचे, मेडत्याकडचे. भाभीसा माहेरच्या शेखावत, म्हणजे कछवाहांची शाखा, जयपूरच्या राजघराण्याची भावकी. राजपुतांत सून सासरी येऊन चाळीस वर्षं झाली तरी माहेरच्या कुळानंच ओळखली जाते; साहेबांच्या आई यांना शेवटपर्यंत ‘शेखावतजी’च म्हणत. त्यामुळे एका छपराखाली जोधपूर आणि जयपूर अशी दोन संस्थानं नांदतात, आणि विलीनीकरण अजून व्हायचंय.

तुंगा म्हणजे बस्सीच्या पलीकडचं गाव. २८ जुलै १७८७ ला तिथे महादजी शिंदे एका बाजूला आणि जयपूरचे सवाई प्रतापसिंह दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली. प्रतापसिंहांच्या मदतीला जोधपूरच्या विजयसिंहांचे राठोड घोडेस्वार आले होते. राठोड सरळ तोफांवर चालून गेले. महादजींच्या बाजूच्या मोगली पलटणींचे पगार थकलेले, त्यांच्यातला एक मोठा सरदार महंमद बेग हमदानी लढाईआधीच जयपूरला जाऊन मिळालेला. तो तिथेच तोफेच्या गोळ्यानं मेला, पण त्याच्या मागे फौजेतले बाकीचेही फुटू लागले. त्या दिवशी मैदानात कुणी कुणाला हटवलं नाही, पण चार दिवसांत महादजींना तळ गुंडाळून मागे फिरावं लागलं. राजपुतान्यात साहजिकच ढोल वाजले.

आता खरी मजा. कर्नल टॉडनं आपल्या राजस्थानच्या इतिहासात लिहून ठेवलंय (दोन जाडजूड खंड, १८२९ आणि १८३२), की विजयानंतर मारवाडच्या चारणांनी, म्हणजे दरबारी कवींनी, एक दोहा केला. आमेरवाल्यांच्या बायकांची वस्त्रं राठोडांनी सांभाळली, असा काहीसा टोला. आमेर म्हणजे जयपूरवाले. म्हणजे ज्यांच्या मदतीला गेले त्यांनाच बायकांवरून चिमटा! कछवाहांना तो असा झोंबला, की तीन वर्षांनी, २० जून १७९० ला, नीम का थान्याजवळ पाटणला मराठ्यांशी पुन्हा गाठ पडली तेव्हा ते बाजूला उभे राहिले आणि राठोड एकटे पडले. राठोड हरले. मग जयपूरच्या कवींनी उलटा दोहा केला. त्यात पाटणच्या मैदानावर राठोड काय काय टाकून पळाले त्याची पाच नगांची यादी आहे. घोडा आहे, पगडी आहे. मिशीसुद्धा आहे.

टॉड गोष्टीवेल्हाळ माणूस होता, त्याचं सगळंच सरळ धरून चालत नाही. पण या घरात मात्र टॉड रोज खरा ठरतो. साहेबांचा चष्मा हरवला, की भाभीसा गच्चीवरून बोटं मोजायला लागतात: घोडा झाला, जोडा झाला… आणि साहेबांना कधी बायकोवर कुरघोडी करायची असली, की ते वस्त्रांचा दोहा गुणगुणत दाढी करतात. सव्वीस वर्षांत मी या घरात पैशावरून भांडण ऐकलेलं नाही. पाटणवरून मात्र महिन्यातून दोनदा.

“तुंग्याचं कशाला?” भाभीसा म्हणाल्या. “तो दोहा शाळेत म्हणायचा? लहंग्याचा?”

“मग तुमचा पाचवाला म्हणू दे,” साहेब.

“थांबा,” मी म्हटलं, “तुम्ही दोघं भांडताय, पण पाटण जिंकलं कुणी? आम्ही ना?”

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी जेवणाच्या पंगतीत चप्पल घालून आले.

जिंकलं हे खरं. महादजींच्या बाजूने द ब्वान्य नावाचा सावॉयचा माणूस होता, त्यानं कवायती पलटणी आणि तोफखाना उभा केला होता. पाटण झालं, लगेच १० सप्टेंबरला मेडता झालं. मेडत्याला पहाटे राठोडांना गाफील गाठलं आणि मग जे राठोड तोफांवर घोडे घालून गेले ते परत आले नाहीत. हे मात्र साहेब हसत सांगत नाहीत. त्यांच्या पणजोबांच्या आधीचं कुणीतरी त्यात होतं. तो फिरंगी पुढे गडगंज होऊन आपल्या गावी, शांबेरीला, गेला. त्याच्या स्मरणार्थ तिथल्या चौकात चार हत्तींचं कारंजं उभं आहे म्हणे. आमच्या पैशाचे हत्ती! पण माझा प्रश्न वेगळाच होता. पाटण जिंकूनही आम्ही पाटणचं गाणं कुठे म्हणतो? शाळेत अफझलखानाचा वध म्हटला. सिंहगड म्हटला. खर्ड्याच्या लढाईचं कौतुक तर शाहिरांनी पोटभर केलं, कारण १७९५ ची ती शेवटची लढाई, जिथे सगळे मराठे सरदार एकत्र होते. पानिपत तर हरलो तरी सोडलं नाही. गडकऱ्यांनी गोविंदाग्रज होऊन ‘पानपतचा फटका’ लिहिला तो आमच्या बाबांना पाठ होता. पाटण मात्र मी जयपूरला येऊन, भाभीसांच्या बोटांवर मोजताना, पहिल्यांदा ऐकलं.

राठोडसाहेबांना हे पटलं. “तुमचे शाहीर बाजारात उभे राहून गात,” ते म्हणाले, “आमचे चारण दरबारात. आमच्याकडे कवीला लाखपसावाचं इनाम मिळे, गाव तोडून मिळे. ज्याचं खातो त्याचं गातो. तुमचा शाहीर कुणाचं खात होता?”

“लोकांचं,” मी म्हटलं. “म्हणून लोकांना आवडेल तेच गाई.” मग वाटलं, हे काही फार चांगलं उत्तर नाही. शिवाजीमहाराजांच्या काळचा अगिनदास काय, पेशवाईतले अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ काय, लोकांसमोर उभे राहत हे खरं, पण त्यांनाही वाड्यावरच्या बिदागीची सवय होतीच. आणि लोकांना काय आवडतं? घरच्या दारातली लढाई. गनीम चालून आला आणि आपण उभे राहिलो. गनीम आपणच असलो तर टाळी कोण वाजवणार?

मग मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी भाभीसांना ठाऊक नव्हती. तुंग्याला जे दोघे समोरासमोर उभे होते ते दोघेही कवी. प्रतापसिंह ‘ब्रजनिधि’ या नावानं कृष्णाची पदं लिहीत. हवामहल १७९९ ला बांधून घेतला तो यांनीच. तुंग्याच्या वेळी बावीस वर्षांचे होते. आणि पानिपतात पाय अधू होऊन परतलेले महादजी, ज्यांना राणेखान नावाच्या भिश्त्यानं वाचवलं असं सांगतात, तेही कृष्णभक्त, मथुरेत रमणारे. त्यांची पदं ‘माधवविलास’ नावानं आहेत. दिवसा तोफा, संध्याकाळी राधाकृष्ण, दोन्ही छावण्यांत. लढाईवर दोहे करण्याचं काम मात्र भलत्यांनीच केलं.

भाभीसा दर एकादशीला गोविंददेवजींच्या मंगला आरतीला जातात. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग दोघं भजनालाच का नाही बसले?” आणि शेंगा सोलायला लागल्या. त्यांच्या परातीत माझ्या दुप्पट मटार होते. बोलतात तरी कशा आणि सोलतात तरी कशा, देव जाणे.

“पानिपत चालेल का?” मी विचारलं. “माझं पाठ आहे. भंवरला शिकवते.”

“पानिपतात आम्ही नव्हतोच.”

“तेच तर! का नव्हता?”

हे आमचं जुनं दुखणं आहे. दर संक्रांतीला निघतं. जयपूरला संक्रांत म्हणजे पतंग. १४ जानेवारीला सूर्य उगवायच्या आधी गच्च्या भरतात, हांडीपुऱ्यातून आणलेल्या पतंगांचे गठ्ठे, चरखी धरणाऱ्या बहिणी, आणि दिवसभर ‘वो काटा’. संध्याकाळपर्यंत रामनगर स्टेशनपासून मेट्रोच्या तारांवर फाटक्या पतंगांची झालर लागलेली असते. आणि मराठी माणसाला १४ जानेवारी म्हटलं की १७६१ आठवतं. ‘संक्रांत कोसळली’ म्हणतो ना आपण. खरं तर पंचांग बघितलं तर त्या वर्षी संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली असणार. ही तारीख साधारण सत्तर वर्षांनी एका दिवसानं पुढे सरकते. विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले तेव्हा १२ जानेवारी होती. पण आमच्या घरात हे कुणी ऐकून घेत नाही. आमचे हे दरवर्षी तिळगुळाचा पहिला लाडू तोंडात टाकून म्हणतात, “आज भाऊ पडले.” आणि भाभीसा त्याच दिवशी चौदा चौदा वस्तू वाटत असतात, इथल्या सवाष्णींच्या रीतीनं. मला कधी चौदा डबे, कधी चौदा कंगवे. मी त्यांना हळदीकुंकवाचं वाण देते, तर त्या विचारतात, “एकच?”

“का नव्हतो?” भाभीसांनी आता शेंगा पूर्णच बाजूला केल्या. “दरवर्षी दाराशी यायचात वसुलीला. पठाण आल्यावर आठवलो होय आम्ही?”

“आम्ही काय उगाच आलो? तुमच्याच माधोसिंहांनी बोलावलं होतं. दोन भावांचं गादीवरून भांडण, आणि आम्हाला निमंत्रण.”

“निमंत्रणाला आलेला पाहुणा परत जातो, ताई.”

यावर काय बोलणार! तुम्हीच सांगा.

झालं होतं असं. सवाई जयसिंह गेले १७४३ ला. थोरले ईश्वरीसिंह गादीवर बसले आणि धाकटे माधोसिंह मेवाडच्या मामांच्या जोरावर हक्क सांगायला लागले. १७४७ ला राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकले. त्रिपोलियाजवळचा तो सात मजल्यांचा उंच मनोरा आहे ना, ईसरलाट, तो त्या विजयाचा. आता आजूबाजूच्या गल्लीत विचारा, कुणी विजयाचं नाव घेणार नाही. सगळे हेच सांगतील, की सेनापती हरगोविंद नाटाणीची मुलगी समोरच्या हवेलीत राहायची आणि तिला पाहता यावं म्हणून राजानं मनोरा बांधला. लढाईचं गाणं झालं नाही, पण मुलीची गोष्ट पावणेतीनशे वर्षं टिकली! मला ही गोष्ट भाभीसांनीच सांगितली, आम्ही लाखेच्या बांगड्या घ्यायला गेलो होतो तेव्हा, मनोऱ्याकडे बोट दाखवून, आवाज खाली आणून, जणू नाटाणी पलीकडच्याच दुकानात बसलेत.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १७४८, बगरू. हा आमच्या सोडाल्यावरून जातो तोच अजमेर रस्ता धरून पुढे गेलं, की तीसेक किलोमीटरवर. आमच्या पलंगावर असतात त्या दाबूच्या छापाच्या चादरी तिथल्याच छिप्यांच्या. मुसळधार पावसात सहा दिवस लढाई चालली. एकीकडे मल्हारराव होळकर आणि माधोसिंह, दुसरीकडे ईश्वरीसिंह आणि त्यांच्या मदतीला भरतपूरचा सूरजमल जाट. बुंदीच्या सूर्यमल्ल मिश्रणांनी पुढच्या शतकात ‘वंशभास्कर’ लिहिलं, त्यात सूरजमलनं बगरूला स्वतःच्या हातानं ५० मारले आणि १०८ जखमी केले असा हिशेब आहे. १०८! जपमाळेचा आकडा. चारणाला हिशेबनीस कुणी समजू नये. आणि याच सूरजमलनं पुढे पानिपतातून उघड्या पायानं परतणाऱ्या आपल्या लोकांना अन्न, वस्त्र, आसरा दिला. बगरूत ज्यांना झोडलं त्यांनाच. हे मात्र आमच्या बाबांनी आवर्जून सांगितलं होतं.

आणि मग डिसेंबर १७५०. होळकर पुन्हा दाराशी, तिजोरी रिकामी. नाटाणीनं राजाला सांगून ठेवलं होतं म्हणे, लाखभर कछवाहे माझ्या खिशात आहेत. ऐनवेळी म्हणाला, खिसा फाटला. ईश्वरीसिंहांनी विष घेतलं आणि नाग आणवून स्वतःला डसवून घेतलं. बाकी सगळ्या राजांच्या छत्र्या गैटोरला. यांची एकट्याची तालकटोऱ्याकडे.

“आणि त्यानंतर?” भाभीसा म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं. मलाही. पण सव्वीस वर्षांत आम्ही ते एकमेकींशी बोललो नव्हतो.

माधोसिंह गादीवर आले ते मराठ्यांच्या जोरावर. आता शिंदे-होळकर राज्याचा वाटाच मागायला लागले. छावण्या शहराबाहेर. आणि शहर ते केवढं नवं! वसून पंचवीस वर्षंही झाली नव्हती, सरळ रेघेतले रस्ते, एकसारखे बाजार, देवळं. १० जानेवारी १७५१ ला छावणीतले मराठे शहर बघायला आत आले. कुणी दर्शनाला, कुणी खरेदीला, आपण बापू बाजारात मोजड्या घ्यायला जातो तसे. दुपारी वेशी बंद झाल्या आणि कापाकापी सुरू झाली ती मध्यरात्रीपर्यंत. हजारो गेले. मराठी पत्रांतून ती हकीकत आहे. गाणं मात्र मी ऐकलेलं नाही. ना यांच्या बाजूचं, ना आमच्या.

“माझ्या आजीसा सांगत,” भाभीसा म्हणाल्या, “लहानपणी मुलं फार हट्ट करायला लागली, की घरात कुणीतरी म्हणे, दखणी आले. बस, एवढंच. मला कितीतरी वर्षं वाटायचं, दखणी म्हणजे एखादा प्राणी.”

“मग मी राहायला आले तेव्हा?”

“तेव्हा कळलं, की वरणात गूळ घालतात ते दखणी.”

हसून हसून माझ्या परातीतले मटार सांडले. भंवर खाली उतरून गोळा करायला लागला आणि हळूच म्हणाला, “मराठी दादी, मग गाणं कोणतं म्हणू?”

तेव्हा राठोडसाहेबांना आउवा आठवलं. पाली जिल्ह्यातलं गाव. १८५७ ला तिथले ठाकूर कुशालसिंह इंग्रजांविरुद्ध उठले, एरिनपुऱ्याचे बंडवाले शिपाई त्यांना येऊन मिळाले. जोधपूरचे महाराज इंग्रजांच्या बाजूला, त्यांच्या फौजेलाही यांनी पळवलं. सप्टेंबरात जोधपूरचा पोलिटिकल एजंट कॅप्टन मेसन मारला गेला आणि त्याचं मुंडकं गढीच्या दारावर टांगलं. जानेवारी १८५८ ला गढी पडली, इंग्रजांनी सुगाली मातेची मूर्तीसुद्धा उचलून नेली. पण मारवाडात अजून होळीला चंगावर आउव्याची गाणी म्हणतात. साहेबांच्या गावचे म्हातारे म्हणायचे, आणि साहेब लहानपणी त्यांच्या मागे नाचायचे.

“कुशालसिंह कोण?” भाभीसांनी विचारलं.

“चांपावत.”

“म्हणजे राठोड! फिरून फिरून राठोडच!”

“अहो पण लढले कुणाशी? इंग्रजांशी. यात तुमची वस्त्रंही नाहीत आणि ताईंची वसुलीही नाही.”

मला ते पटलं, पण आमच्या बाजूचं कुणीतरी असायला हवं होतं ना. म्हणून मी तात्या टोप्यांना आत घेतलं. जून १८५८ ला ग्वाल्हेर हातचं गेल्यावर तात्या जयपूरच्याच दिशेनं निघाले होते, इथलं कुणीतरी साथ देईल या आशेनं. पण नसिराबादहून जनरल रॉबर्ट्स आधी येऊन बसला, तेव्हा तात्या टोंककडे वळले. नसिराबादहून यायचं म्हणजे अजमेरकडूनच, याच रस्त्यानं आला असणार तो. आता तिथे मेट्रोचे खांब आहेत. जानेवारी १८५९ ला तात्यांना दौशाला गाठलं, मग सीकरला, आणि एप्रिलात शिवपुरीला फाशी दिली. सहा-सात महिने हा माणूस राजपुतान्यातून आणि माळव्यातून असा फिरला, की मागच्या फौजांचे घोडे थकले.

“तात्यांना जयपूरवाल्यांनी साथ दिली?” भंवरनं विचारलं.

गच्चीवर शांतता. भाभीसांनी आभाळातला पतंग बघितला.

“तू आउवाच म्हण,” मी म्हटलं.

राहिला प्रश्न मुंडक्याचा. शाळेत, सहावीच्या मुलानं, प्रजासत्ताक दिनाला, मुंडकं? साहेब म्हणाले, त्याशिवाय गाण्यात जीवच नाही. भाभीसा म्हणाल्या, बाई ऐकणार नाहीत. तडजोड अशी झाली, की ते कडवं येईल तेव्हा फक्त चंग वाजेल.

मग माळ्यावरून चंग काढला. धुळीनं माखलेला, कातडं सैल पडलेलं. साहेबांनी तो उन्हात तापायला कठड्यावर ठेवला, दोन्ही गच्च्यांच्या मधोमध. एवढ्यात आमचे हे वर आले. त्यांच्या गावी शाहीर होते एक, त्यांच्या मागे जत्राजत्रांत हिंडलेले हे. कठड्यावरची ती लाकडी गोल चौकट बघून म्हणाले, “अरे, डफ कुणी आणला?”

“चंग आहे,” साहेब म्हणाले.

“डफ आहे.”

“होळीचा चंग आहे, साहेब.”

यांनी बोटानं कातडं दाबून पाहिलं, अजून तापायला हवं म्हणाले, आणि वाट बघत उभे राहिले. मग डाव्या हातानं छातीशी धरून पोवाड्याचा ठेका धरला. भंवर कण्या टाकून धावत आला. साहेबांनी चंग काढून घेतला आणि आपला होळीचा ठेका वाजवला. पुन्हा यांनी घेतला. अर्धा तास हेच. मधल्या वेळात माझी तूरडाळ करपली.

संध्याकाळी मी तिळगुळाचा डबा भिंतीवरून दिला होता तो भाभीसांनी परत केला. आमच्याकडे डबा रिकामा परत द्यायची रीत नाही, त्यांच्याकडेही नाही. आत सांभरची फीणी, गजक, तिलपट्टीचा पुडा, मुठीएवढा गूळ आणि चिंधीत बांधलेले ओले हरभरे.

मी मोजलं. पाच.

“भाभीसा, पाटणची यादी का?”

“मिशी नाही घातली त्यात,” त्या म्हणाल्या. “ती मागे आरामखुर्चीत झोपलीय.”